दारी हत्ती झुलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने तीन मोसमांत मिळून पाच सामने जिंकलेत. मुख्य कोच म्हणून आता एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग, गाजवलेल्या एका माजी खेळाडूचं नाव पुढे आलंय. त्याने याआधी कुठेही मुख्य कोच म्हणून काम केलेलं नाही. प्रश्न विचारणारे तिथे प्राध्यापक आहेत आणि शिक्षकांच्या वतीने निवड समितीत बसतात. ते म्हणतात, "मला खेळातलं फारसं कळत नाही. हा धोका मी तोलू कसा?"

खेळातलं कळत नाही, ही अडचण आधी मनातून काढून टाका. खेळातलं कळणारे तुमच्या समितीत पुष्कळ असतील, आणि त्यातले काही लहानपणापासून या माणसाचे चाहते असतील. तुम्ही नाही आहात, म्हणून तुमची तिथे गरज आहे. मी 19 वर्षं एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात करार आणि अंदाजपत्रकं सांभाळली. त्या काळात चार मुख्य कोच आले आणि गेले. त्यातला एक तुमच्या उमेदवारासारखाच मोठ्या नावाचा होता. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

माझं मत आधीच सांगते. नाव मोठं आहे म्हणून नकार देऊ नका. हरण्याचा धोका तुम्ही आजही उचलताच आहात. तीन वर्षांत पाच विजय मिळवणारा संघ आणखी खाली जाऊन किती जाणार? तोलायचा धोका वेगळा आहे. हा माणूस येईल तेव्हा काय होईल हे सगळे मोजतील. तो जाईल तेव्हा मागे काय उरेल, याचा हिशेब करार करण्याआधी मांडायला हवा, आणि तो मांडणारा माणूस समितीत सहसा कोणी नसतो.

कोलोरॅडो विद्यापीठाचं उदाहरण समितीत कोणीतरी काढणारच, म्हणून ते नीट पाहू. 2022 च्या मोसमात बोल्डरचा हा संघ 12 पैकी 11 सामने हरला. त्या डिसेंबरात त्यांनी एनएफएल गाजवलेल्या डीऑन सँडर्सला कोच म्हणून आणलं. पाच वर्षं आणि 2 कोटी 95 लाख डॉलर. करार जाहीर झाला तेव्हा हे सगळे पैसे अजून हातात नाहीत, असं तिथल्या क्रीडा संचालकांनी उघडपणे सांगितलं होतं. पण नाव इतकं मोठं होतं की पैसे चालत आले. एप्रिल 2023 मध्ये संघाच्या आपापसातल्या सराव सामन्याला, बर्फाळ हवेत, 47 हजारांवर लोक तिकीट काढून बसले. शिष्यवृत्तीवरच्या जुन्या खेळाडूंपैकी जेमतेम दहाएक उरले. बाकी जवळजवळ सगळा संघ ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, नवा उभा केला. सप्टेंबरमध्ये पहिल्याच सामन्यात त्यांनी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला (टीसीयू) 45-42 असं हरवलं. हा टीसीयू आदल्या मोसमात राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेला संघ होता. देशभर दुसरा विषय नव्हता.

आणि तो मोसम संपला 4-8 वर, म्हणजे चार विजय, आठ पराभव. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यांतराला 29-0 अशी आघाडी होती, तोही सामना गेला. त्या वर्षी विरोधी बचावाने त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या गड्याला, चेंडू हातात असताना 52 वेळा पाडलं. हा आकडा समितीत मुद्दाम सांगा. मोठ्या नावाकडे क्वार्टरबॅक धावत येतो, चेंडू झेलणारे वेगवान गडी येतात, कारण कॅमेरा त्यांच्यावर असतो. दीडशे किलोची ती पाच पोरं, जी क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहून धक्के खातात, त्यांना नावाची भुरळ कमी पडते. ती घडवावी लागतात, आणि त्याला तीन-चार वर्षं लागतात. दिग्गजाच्या पहिल्या मोसमात संघाची समोरची फळी कशी खेळते, एवढं पाहिलं तरी इमारतीचा पाया कितपत भरलाय ते कळतं.

2024 मध्ये मात्र 9-4. त्यांच्या ट्रॅव्हिस हंटरला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली. मार्च 2025 मध्ये विद्यापीठाने कोचला नवा करार दिला, पाच वर्षं आणि 5 कोटी 40 लाख डॉलर. एप्रिलमध्ये हंटर आणि कोचचा क्वार्टरबॅक मुलगा दोघंही एनएफएलमध्ये गेले. त्या उन्हाळ्यात मूत्राशयाच्या कर्करोगावर आपली शस्त्रक्रिया झाल्याचं कोचने स्वतः सांगितलं. पुढचा मोसम 3-9.

यावरून कोलोरॅडो चुकलं असं मी म्हणणार नाही. गावात माणसं आली, मैदान भरलं, विद्यापीठाचं नाव घराघरात गेलं, आणि एक खरोखर चांगला मोसम झाला. मी त्यांच्या जागी असते तर पहिला करार मीही केला असता. दुसरा त्या महिन्यात केला नसता. संघाचे दोन खांब निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा सप्टेंबरपर्यंत थांबले असते. प्रसिद्ध कोचचा पहिला करार समिती बारकाईने वाचते. वाढीव करार मात्र आनंदाच्या भरात, दुसरीकडून मागणी येईल या भीतीने होतो. आमच्या विभागातलं मोठं नुकसान वाढीव करारांतच झालं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सँडर्स कोलोरॅडोला कोरी पाटी घेऊन आला नव्हता. त्याआधी त्याने टेक्सासमध्ये शाळेच्या संघाबरोबर काम केलं होतं, आणि मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटला तीन मोसमांत 27 विजय आणि फक्त 6 पराभव अशी कामगिरी करून दाखवली होती. तुमच्या उमेदवाराला कोणी 'आपला सँडर्स' म्हणालं, तर त्याचं जॅक्सन स्टेट कुठे आहे, हे विचारा.

पहिल्यांदाच मुख्य कोच होणारा माणूस चालतच नाही, असंही नाही. डिसेंबर 2024 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या एनएफएल संघातले दोन माजी सहकारी एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एकाच गटात, मुख्य कोच झाले. मायकेल व्हिक नॉरफोक स्टेटला गेला, डीशॉन जॅक्सन डेलावेअर स्टेटला. दोघांनाही मुख्य कोचपदाचा अनुभव नव्हता. पहिल्याच मोसमात जॅक्सनने आदल्या वर्षी 1-11 असलेला संघ 8-4 वर नेला. व्हिकचा संघ 4-8 वरून 1-11 वर आला. प्रसिद्धी दोघांची सारखी, निकाल उलटे. मग नाव ही गोष्ट तराजूतून दोन्ही बाजूंनी काढून टाका आणि उरतं ते पाहा. जॅक्सन त्याआधी लाँग बीचच्या एका शाळेत आक्रमणाचा कोच होता. मुलांच्या पालकांशी बोलणं, मैदानावर रेषा आखून घेणं, बसची वेळ पाळणं हे शाळेच्या कोचला करावंच लागतं. कोणी बघत नसताना केलेलं काम मला मुलाखतीतल्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त सांगतं. तुमच्या माणसाने असं काम कुठे केलं असेल, तर तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावा. केलंच नसेल, तर पुढचा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा होतो: तो बरोबर कोणाला आणतोय?

इथे मी कॅन्सस विद्यापीठाकडे पाहते. 2012 च्या मोसमासाठी त्यांनी चार्ली वाइसला आणलं, नोट्रे डेमचा माजी मुख्य कोच, मोठा लौकिक. 6 विजय, 22 पराभव. 2018 च्या शेवटी लेस माइल्सला आणलं. त्याने लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) 2007 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. दोन मोसमांत 3 विजय, 18 पराभव. मार्च 2021 मध्ये एलएसयूतल्या त्याच्या काळातले विद्यार्थिनींबद्दलच्या वागणुकीचे आरोप उजेडात आले. त्याने ते नाकारले, पण काही दिवसांतच कॅन्ससने त्याच्याशी फारकत घेतली. मग लान्स लाइपोल्ड आला. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या छोट्या विद्यापीठाला त्याने तिसऱ्या श्रेणीची सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती, पण चारचौघांत त्याला कोणी ओळखलं नसतं. पहिलं वर्ष 2-10, दुसरं 6-7, तिसरं 9-4. तो आला तो वर्षानुवर्षं बरोबर काम केलेले सहायक घेऊन. इंडियानानेही तेच केलं. 2023 ला 3-9 असलेल्या संघाला कर्ट सिग्नेटीने पुढच्याच वर्षी 11-2 वर नेलं. आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून त्याने सहायक तर आणलेच, 13 खेळाडूही आणले. म्हणजे त्याच्या पद्धतीने खेळणारी, एकमेकांची भाषा कळणारी एक चालती टोळी त्याने उचलून आणली.

आपल्याकडे चंद्रकांत पंडितांनी विदर्भाला 2017-18 मध्ये पहिली रणजी ट्रॉफी मिळवून दिली, तेव्हा मला हेच दिसलं होतं. खेळाडू म्हणून त्यांचे कसोटी सामने पाच. पण पडलेला संघ उभा करायचं काम ते जन्मभर शिकले होते.

तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न हा विचारा: "समोरच्या फळीचा कोच कोण असेल? त्याने होकार दिलाय का?" उत्तरात नाव आलं तर त्या नावाला फोन करा. "मोठमोठे लोक माझ्याबरोबर यायला तयार आहेत" असं उत्तर आलं, तर ते वहीत जसंच्या तसं लिहून ठेवा.

आता देखरेख. शिक्षक प्रतिनिधी म्हणून हा तुमचा खास प्रांत. ॲरिझोना स्टेटने डिसेंबर 2017 मध्ये हर्म एडवर्ड्सला नेमलं. एनएफएलचा माजी कोच, टीव्हीवरचा लोकप्रिय चेहरा, पण 2008 नंतर त्याने कुठेच कोचिंग केलं नव्हतं. नेमणूक करणारे क्रीडा संचालक एके काळी त्याचेच एजंट होते. महामारीत देशभर भरती करायच्या नव्या खेळाडूंना आवारात बोलावायला बंदी असताना तिथे भेटी चालू राहिल्या. चौकशी लागली, सप्टेंबर 2022 मध्ये तो गेला, आणि पुढे विद्यापीठावर चार वर्षांची प्रोबेशन आणि आधी खेळलेल्या सामन्यांचे निकाल नोंदीतून पुसले जाण्याची नामुष्की आली. त्याच्या जागी तिथलाच 32 वर्षांचा माजी विद्यार्थी केनी डिलिंगहॅम आला. पहिलं वर्ष 3-9, दुसऱ्या वर्षी बिग 12 या कॉन्फरन्सचं विजेतेपद. एडवर्ड्स माणूस म्हणून सगळ्यांना आवडायचा. घोटाळा झाला तो त्याला 'नाही' म्हणणारं वर कोणी नव्हतं म्हणून. दिग्गजाचा पगार कुलगुरूंच्या कितीतरी पट असतो, त्याचा फोन देणगीदार थेट उचलतात. नियमपालन अधिकारी त्याच्याच विभागातल्या माणसाच्या हाताखाली असेल, तर तो अधिकारी गप्प बसतो. मी बसलेले पाहिलेत. नियमपालनाचा अहवाल थेट कुलगुरूंकडे जावा ही अट नेमणुकीआधी मान्य करून घ्या. नेमणुकीनंतर ती मागितली की अविश्वास वाटतो.

कॅमेऱ्याचाही विचार करा. प्रसिद्ध माणूस स्वतःचं चित्रीकरण पथक घेऊन येतो. बेथ्यून-कुकमन विद्यापीठात जानेवारी 2023 मध्ये एनएफएलचा माजी खेळाडू एड रीड याचा कोचपदाचा करार पक्काही झाला नव्हता, तोवर त्याने आवारातल्या कचऱ्याबद्दल संतापून व्हिडिओ टाकला. विद्यापीठाने करार पुढे नेला नाही, आणि विद्यार्थी त्याच्या बाजूने रस्त्यावर आले. कचऱ्याबद्दल तो कदाचित बरोबरही असेल. पण तुमच्या घराचे वासे मोजून जगाला दाखवणारा माणूस तुम्ही आणताय का, आणि ते वासे सांभाळायची तयारी आहे का, हे आधी ठरवा. शिवाय मुलांच्या अभ्यासाच्या, दुखापतींच्या, शिक्षेच्या गोष्टी चित्रीकरणात येतात. त्यावर विद्यापीठाची परवानगी लागेल असं कलम हवंच.

पैशाचं गणित सांगते, कारण ते जवळजवळ नेहमी चुकीचं मांडलं जातं. तिकिटं वाढतात, हे खरं. प्रायोजक येतात, खरं. पण टीव्हीचे हक्क कॉन्फरन्सकडे असतात आणि ते पैसे साधारणपणे ठरलेल्या वाटणीने सगळ्या सदस्यांत जातात. तुमचा सामना कोट्यवधी लोकांनी पाहिला म्हणून त्या वर्षी तुमचा वाटा तेवढ्या पटीने वाढत नाही. 'दूरचित्रवाणीमुळे होणारी वाढ' अशी ओळ अंदाजपत्रकात दिसली, तर ती कुठून आली ते विचारा. दुसरं, जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी वरची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून 2 कोटी 5 लाख डॉलर. तुमच्यासारख्या विद्यापीठाकडे त्याचा एक अंश असेल. म्हणजे कोच, सहायक आणि खेळाडू यांचा चारा एकाच गंजीतून निघणार. दारी हत्ती झुलला की घराची शान वाढते, पण गंजी तेवढीच राहते. कोचच्या पगारानंतर सहायकांसाठी आणि खेळाडूंसाठी किती उरतं, हा आकडा कागदावर मागा. तो कमी असेल तर हा माणूस पहिल्याच दिवसापासून बांधलेल्या हातांनी खेळणार. त्याच्यावरही तो अन्यायच.

आमच्याकडे काय झालं ते आता सांगते. आमचा मोठ्या नावाचा कोच दुसऱ्या मोसमानंतर गेला. काढला नाही, त्याला दुसरीकडून बोलावणं आलं. सुटकेची रक्कम, म्हणजे करार मोडून जाताना भरायचे पैसे, आम्ही इतकी कमी ठेवली होती की नव्या विद्यापीठाने ती आठवड्याच्या आत भरली. दोन सहायकांच्या करारात तिसऱ्या वर्षाची हमी होती आणि नव्या कोचला ते नको होते, म्हणून वर्षभर दोन संचांचे पगार दिले. नव्या व्यायामशाळेसाठी देणगीदारांनी दिलेले शब्द त्या कोचच्या नावावर होते, कागदावर नव्हते. पाया खणून झाला होता. तो खड्डा दोन पावसाळे तसाच राहिला.

पण माझ्या मनात राहिलाय तो एक मुलगा, समोरच्या फळीतला, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. कोच आला त्या वसंतात दहा मिनिटांच्या बैठकीत त्याला सांगितलं गेलं की इथे तुला जागा नाही. शिष्यवृत्ती इथेच चालू राहू शकली असती, पण हे त्याला कोणी नीट समजावलं नाही, आणि त्याला खेळायचं होतं. तो दुसरीकडे गेला, तिथे त्याचे बरेच क्रेडिट धरले गेले नाहीत, पदवी लांबली. सही घ्यायला माझ्या खोलीत आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की आईला दिलेले मोसमाचे पास परत करायचे का. ज्या कोचसाठी त्याची जागा रिकामी केली, तो पुढच्याच वर्षी निघून गेला. त्या बैठकीला अभ्यास सल्लागार हजर असायला हवा होता. तुमच्याकडे तरी असेल, एवढं बघा. हे करारात घालता येतं: मोसमाबाहेर कोणत्याही खेळाडूला जागा नाही असं सांगण्याआधी त्याच्या क्रेडिटचा तक्ता आणि शिष्यवृत्तीचे हक्क लेखी त्याच्या हातात पडले पाहिजेत.

करार वाचताना शेवटची पानं आधी वाचा. सुटकेची रक्कम दोन्ही बाजूंनी पाहा: तुम्ही काढलंत तर तुम्ही किती देणार, तो गेला तर तो किती देणार. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर 2024 मध्ये मुख्य कोच म्हणून सहा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची विजेतेपदं, जिंकलेल्या बिल बेलिचेकला वर्षाला 1 कोटी डॉलरवर आणलं. त्या करारात त्याला सोडून जायचं असेल तर भरायची रक्कम 1 कोटीवरून 1 जून 2025 नंतर एकदम 10 लाखांवर येत होती. म्हणजे पहिला सामना खेळायच्याही आधी विद्यापीठाची पकड सुटली. पहिला मोसम 4-8 झाला. दुसऱ्या टोकाला टेक्सास ए अँड एम विद्यापीठ. 2023 मध्ये मुख्य कोच जिंबो फिशरला काढताना त्यांच्यावर साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं आलं, आणि त्याने दुसरी नोकरी धरली तरी त्यातला पैसाही कमी होणार नव्हता. तुमच्या मसुद्यात दुसऱ्या नोकरीचा पगार वजा होईल असं कलम हवं, सहायकांचे करार मुख्य कोचच्या मुदतीपुढे जाऊ नयेत, आणि पहिले दोन मोसम पूर्ण होईपर्यंत मुदतवाढीवर चर्चा होणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं हवं. चांगलं काम झालं तरी जाण्याची वेळ येतेच. एनएफएलचा माजी खेळाडू एडी जॉर्ज कोचिंगचा अनुभव नसताना 2021 मध्ये टेनेसी स्टेटला आला, हळूहळू संघ बांधला, 2024 ला 9-4 करून प्लेऑफमध्ये नेला, आणि मार्च 2025 मध्ये बोलिंग ग्रीनला गेला. त्याचं काही चुकलं नाही. पण मार्चमध्ये कोच गेला की नवा शोधायला उन्हाळाही पुरत नाही. म्हणून ती रक्कम महिन्यांनुसार चढती ठेवा, जानेवारीत कमी, वसंतात जास्त.

तुमच्या उमेदवाराबद्दल माझं उत्तर मग असं. अनुभवी समन्वयक दोन्ही बाजूंना, आक्रमणाला आणि बचावाला, नावानिशी ठरले असतील, सहायकांसाठी पुरेसे पैसे बाजूला ठेवले असतील आणि नियमपालन त्याच्या हाताबाहेर असेल, तर होकार द्या, आणि मनापासून द्या. रिकाम्या मैदानात खेळणाऱ्या पोरांना भरलेलं मैदान मिळणं ही लहान गोष्ट नाही. मी त्यांचे चेहरे पाहिलेत. यातली एखादी गोष्ट 'नंतर बघू' म्हणून ढकलली जात असेल, तर मत विरोधात द्या आणि कारण इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि मुलाखत संपताना त्याला विचारा: तीन वर्षांनी तुम्ही इथे नसलात, तर इथली कुठली तीन माणसं हा संघ पुढे चालवू शकतील असं तुम्हाला वाटतं? त्याला आज नावं माहीत नसतील, हरकत नाही. तो विचार करायला थांबतो का, की लगेच स्वतःबद्दल बोलू लागतो, ते बघा. मसुदा हाती आला की कलमांबद्दल पुन्हा विचारा. सुटकेच्या रकमेचा महिनावार तक्ता कसा करायचा ते मी लिहून देईन.